योग्य वाचक संकेतस्थळापर्यंत कसा येतो? : शोध, शुद्धलेखन आणि मोजदाद

छापील अंकाचा वाचक कोण, हे आपल्याला ढोबळमानाने ठाऊक असते. किती प्रती छापल्या, किती वर्गणीदारांकडे गेल्या, किती ग्रंथालयांत पोहोचल्या आणि किती गठ्ठ्यातच राहिल्या, याचा हिशेब कार्यालयात असतो. तोच मजकूर संकेतस्थळावर ठेवला की हा हिशेब सुटतो आणि त्याच्या जागी एक आकडा येतो. वार्षिक अहवालात तो आकडा लिहिला जातो. तो वाढला म्हणजे भाषेचे काम झाले आणि घटला म्हणजे काम वाया गेले, असा समज रूढ होतो. प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करायचा आहे. ज्याच्यासाठी मजकूर लिहिला तो वाचक आपल्या पानापर्यंत कसा येतो? आणि तो आला की नाही, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, साहित्याच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या प्रश्नाचा निम्म्याहून अधिक भाग भाषेचा आहे. शिवाय करजगीसारख्या गावात राहून मराठी शिकवणाऱ्याला तो टाळता येत नाही. कलबुर्गी आणि बीदर जिल्ह्यांतील मराठी बोली, येथील भजनी परंपरा, मराठी-कन्नड देवघेव या विषयांवर लिहिलेल्या मजकुराचा वाचक एका गावात नसतो. एक सोलापुरात असतो, एक हैदराबादेत, एखादा परदेशातील विद्यापीठात. या विखुरलेल्या वाचकांना एकत्र आणणारी जागा आता संकेतस्थळ हीच आहे. तेथे मजकूर ठेवला आणि तो सापडला नाही, तर तो प्रसिद्ध झाला असे म्हणणे कठीण आहे.

योग्य वाचक म्हणजे कोण?

गाणगापूरचे उदाहरण घेऊ. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरील हे दत्तक्षेत्र कलबुर्गी जिल्ह्यात, अफजलपूर तालुक्यात आहे. नृसिंहसरस्वतींच्या दीर्घ वास्तव्यामुळे ते प्रसिद्धी पावले आणि सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्र’ या मराठी ग्रंथामुळे ते महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत झाले. समजा, एका प्राध्यापकाने गुरुचरित्राच्या भाषेवर विस्तृत लेख लिहिला आणि तो संकेतस्थळावर ‘गाणगापूर’ या नावाने ठेवला.

आता ‘गाणगापूर’ हा शब्द शोधणारे कोण? बहुसंख्य यात्रेकरू. त्यांना गाणगापूर रोड स्थानकापासून क्षेत्र किती अंतरावर आहे, मुक्कामाची सोय कोठे आहे, पालखी किती वाजता निघते हे हवे असते. ते लेखावर येतील, दोन ओळी पाहतील आणि परत जातील. त्यांचे काही चुकले नाही आणि लेखकाचेही नाही. दोघांची भेट चुकीच्या दारात झाली. उलट ज्या विद्यार्थिनीला गुरुचरित्रातील कन्नड शब्दांवर प्रबंधिका लिहायची आहे, तिने ‘गुरुचरित्र भाषा कन्नड शब्द’ असे शोधले, तर तिला हा लेख दिसेलच असे नाही. कारण लेखाच्या शीर्षकात यांपैकी एकही शब्द नाही.

म्हणून वाचक वाढवण्याआधी प्रत्येक पानासाठी एक वाक्य लिहून काढावे : हे पान कोणासाठी आहे आणि त्याला येथे काय मिळेल? हे वाक्य लिहिता आले नाही, तर पानाला वाचक का मिळत नाही हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

शोधयंत्राला काय दिसते?

शोधयंत्राचे काम तीन पायऱ्यांत चालते. त्याचा स्वयंचलित कार्यक्रम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचतो; वाचलेल्या शब्दांची प्रचंड सूची तयार करतो; आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून पाने काढून क्रमाने मांडतो. क्रम लावताना इतर पानांनी आपल्या पानाकडे दिलेले दुवे विचारात घेण्याची कल्पना गुगलच्या संस्थापकांनी १९९८मध्ये मांडली आणि तिच्यावर त्यांचे शोधयंत्र उभे राहिले. पुढे त्यात कितीतरी कसोट्यांची भर पडली. पण पहिली अट तीच राहिली. यंत्राला पान वाचता आले पाहिजे.

मराठीचा पहिला अडसर येथेच आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी त्यानंतरही बरीच वर्षे आपली मासिके, विशेषांक आणि स्मरणिका जुन्या टंकांत जुळवल्या गेल्या. त्या टंकांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या आत एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. अशा अंकाची पीडीएफ संकेतस्थळावर ठेवली की माणसाला मराठी दिसते आणि यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रांग. परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधील एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवावी. देवनागरी उमटली तर ठीक. रोमन चिन्हे उमटली तर तो अंक शोधयंत्रासाठी बंद कपाटात आहे.

दुसरा प्रकार छायाप्रतींचा. जुन्या पुस्तकाचे पान कॅमेऱ्याने टिपले तर ते चित्र असते, मजकूर नव्हे. चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारी साधने आता मराठीसाठीही आहेत. ‘टेसरॅक्ट’ हे त्यांपैकी मोफत व खुले साधन. त्याचा मजकूर तपासावा लागतो, विशेषतः जोडाक्षरे आणि अनुस्वार. पण संपूर्ण पुस्तक तपासणे जमत नसेल, तर निदान प्रत्येक पुस्तकासाठी युनिकोडमध्ये एक परिचयपान करावे. त्यावर लेखक, वर्ष, प्रकरणांची नावे आणि पाच-सहा वाक्यांचा सारांश द्यावा. एवढ्याने बंद कपाटाला निदान नावाची पाटी लागते.

एकच शब्द, अनेक रूपे

पुढचा अडसर शुद्धलेखनाचा. वर्गात मी अधूनमधून एक साधा प्रयोग करतो. एखादा विषय सांगून, तो मोबाइलवर शोधायचा झाल्यास काय टाइप कराल ते कागदावर लिहायला सांगतो. उत्तरे पाहण्यासारखी असतात. कोणी ‘गुरुचरित्र’ लिहितो, कोणी ‘गुरूचरित्र’. कोणी ‘गाणगापूर’, कोणी ‘गाणगापुर’, तर बरेच जण मराठी शब्दच रोमन लिपीत लिहितात. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे ‘गुरू’ सुटा असताना दीर्घ आणि समासात ‘गुरु’ ऱ्हस्व. आपण लेखात तसेच लिहावे. मात्र शोधणारा नियम पाहून शोधत नाही, हे लक्षात ठेवावे.

याला उपाय म्हणून काही जण पानाच्या तळाशी अशुद्ध रूपांची यादी देतात. ते वाचकाच्या डोळ्याला खुपते, आणि शब्दांची अशी खोगीरभरती शोधयंत्रेही चांगली मानत नाहीत. मला योग्य वाटणारा मार्ग वेगळा आहे. खरोखरची पर्यायी नावे मजकुरात एकदा, वाक्याच्या ओघात सांगावीत. ‘कलबुर्गी (१ नोव्हेंबर २०१४ पूर्वीचे अधिकृत नाव गुलबर्गा)’ असे लिहिले की दोन्ही नावांनी शोधणारा पानापर्यंत येतो आणि वाचकाला माहितीही मिळते.

आपल्या भागातील स्थलनामांना हे विशेष लागू आहे. ‘कल्याण’ असे शोधले तर ठाणे जिल्ह्यातील शहर समोर येते. चालुक्यांची राजधानी असलेले, विज्ञानेश्वरांच्या ‘मिताक्षरे’शी जोडलेले कल्याण हवे असेल तर ‘बसवकल्याण’ आणि ‘बीदर’ हे शब्द सोबत हवेत. गाणगापूरच्या शेजारी ‘गंगापूर’ उभे असते : एक छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तालुका, दुसरे नाशिकजवळचे धरण. आळंद आणि आळंदी यांच्यात एका वेलांटीचेच अंतर. आणि करजगी? एक अफजलपूर तालुक्यात, एक सीमेपलीकडे अक्कलकोट तालुक्यात, एक जत तालुक्यात, एक हावेरी जिल्ह्यात. गावात राहणाऱ्याला तालुका लिहायची गरज वाटत नाही. दूरच्या वाचकाला तालुका आणि जिल्हा कळल्याशिवाय गाव सापडत नाही.

मराठीच्या घडणीतून येणारी आणखी एक अडचण सामान्यरूपाची. आपण ‘गाणगापूर’ या शब्दावर लेख लिहितो, पण वाक्यात येते ‘गाणगापुरात’, ‘गाणगापुराहून’. प्रत्यय लागताच ‘पू’चा ‘पु’ होतो. मराठी माणसाला ही दोन्ही एकाच शब्दाची रूपे वाटतात. यंत्राला ती दर वेळी जुळवता येतीलच असे नाही. म्हणून शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात मुख्य शब्द एकदा तरी मूळ रूपात यावा.

याहून सूक्ष्म गोष्ट ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील अर्ध्या ‘र’ची. युनिकोडमध्ये हा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो : एकदा त्याच्या स्वतंत्र संकेताने, तर एकदा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा साखळीने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने अक्षरांच्या माळा वेगळ्या असतात. एका संस्थेचे दोन टंकलेखक दोन पद्धतींनी लिहीत असतील, तर संस्थेच्या स्वतःच्या शोधपेटीतही निम्मे लेख सापडणार नाहीत. पद्धत एकच ठरवून घ्यावी. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी-हिंदी वळणांबाबत मात्र ही काळजी नको. तेथे संकेत एकच असतो, फरक फक्त टंकाचा.

शीर्षक आणि दुवे

साहित्यिकांना सूचक शीर्षके आवडतात. ‘काठावरून’, ‘काही नोंदी’, ‘मागोवा’ अशी शीर्षके छापील अंकात शोभतात, कारण अंक हातात घेतलेला वाचक पान उलटून पाहतो. शोधयंत्रातून येणाऱ्यापुढे मात्र केवळ शीर्षक आणि दोन ओळी असतात. सूचक शीर्षक टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. त्याला उपशीर्षकाची जोड द्यावी : ‘काठावरून : भीमाकाठच्या मराठी बोलीतील शेतीचे शब्द’. पहिला भाग लेखकाचा, दुसरा वाचकाचा.

शीर्षकाखालच्या दोन ओळींकडेही लक्ष हवे. तेथे संस्थेचा परिचय किंवा आभार आले, तर वाचकाला निवडीसाठी काहीच मिळत नाही. लेखात कोणता भूप्रदेश, कोणता काळ, कोणती सामग्री आहे, हे तेथे दोन वाक्यांत सांगावे. विषय माणिकनगरच्या माणिकप्रभूंची पदे हा असेल, तर बीदर जिल्हा, हुमनाबाद, मराठी पदरचना, एकोणिसावे शतक हे शब्द त्या दोन वाक्यांत यायला हवेत.

बाहेरून येणारे दुवे हा योग्य वाचकाचा सर्वांत विश्वसनीय रस्ता. एखाद्या विभागाच्या संदर्भसूचीतून, अभ्यासक्रमाच्या पानावरून किंवा विश्वकोशातील नोंदीतून आलेला वाचक आधीच त्या विषयाचा असतो. मराठी विकिपीडियावर आपल्या विषयाची नोंद अपुरी असेल, तर ती साधार माहितीने सुधारावी आणि संदर्भ म्हणून मूळ लेखाचा दुवा द्यावा. निव्वळ दुवे पेरणे तेथे प्रचार समजला जातो आणि काढून टाकला जातो; ते योग्यही आहे.

आकडे कसे वाचावेत?

आता मोजदादीकडे वळू. येथे चार शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक मागणी म्हणजे ‘हिट’. एका पानावर २० चित्रे असतील तर पान एकदा उघडताच २१ हिट नोंदवले जाऊ शकतात. ‘पृष्ठदर्शन’ म्हणजे पान एकदा उघडणे. ‘भेट’ म्हणजे एका बैठकीत पाहिलेली सगळी पाने मिळून एक. ‘अभ्यागत’ म्हणजे भेट देणारा; पण तोही अंदाजच, कारण एकच माणूस मोबाइल आणि संगणक वापरतो तेव्हा दोघे होतो, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एका संगणकावर दहा विद्यार्थी वाचतात तेव्हा ते एक होतात. अहवालात ‘आमच्या संकेतस्थळाला इतके हिट्स’ असे वाक्य दिसले, तर त्याने वाचकांविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नसते.

मोजण्याच्या पद्धती प्रामुख्याने दोन. सर्व्हर स्वतः एक नोंदवही ठेवतो. तिच्यात वेळ, मागितलेले पान, मागणाऱ्याचा जालपत्ता, त्याचे उपकरण आणि बहुधा तो कोणत्या पानावरून आला, हे असते. या वहीत माणसे आणि यंत्रे दोन्ही असतात. शोधयंत्रांचे कार्यक्रम आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांसाठी मजकूर गोळा करणारे कार्यक्रम यांची गर्दी तीत मोठी असू शकते. दुसऱ्या पद्धतीत पानातच एक छोटी आज्ञावली ठेवतात आणि ती ब्राउझरमधून नोंद पाठवते. गुगल ॲनालिटिक्स आणि मॅटोमो ही साधने बहुधा अशीच वापरली जातात. तीत बरीच यंत्रे गळतात; पण ज्यांनी अशा नोंदी रोखणारी सोय केलेली असते, ते वाचकही गळतात.

एक काल्पनिक महिना घेऊन पाहू. समजा, नोंदवहीत १२,००० हिट आहेत. त्यांतून चित्रे वगैरे वजा करता १,५०० पृष्ठदर्शने उरली. त्यांतील ९०० स्वयंचलित कार्यक्रमांची. उरली ६००. त्यांतील १५० संस्थेतील लोकांनीच आपले पान नीट दिसते का हे पाहताना केलेली. उरली ४५०. यांपैकी ३०० दर्शने यात्रेची माहिती शोधत चुकून आलेल्यांची. शेवटी १५० दर्शने अशी, जी मजकुराशी संबंधित शोधातून किंवा दुव्यातून झाली. १२,००० हा आकडा अहवालात भारदस्त दिसतो, पण काम सांगतो तो १५०. सीमाभागातील बोलीवरच्या लेखासाठी महिन्याला १५० संबंधित दर्शने ही लहान गोष्ट नाही. छापील अंकाचा तो लेख महिन्याला इतक्या वेळा कोण उघडतो?

यांतील अखेरची विभागणी कळते ती ‘सर्च कन्सोल’ या गुगलच्या मोफत साधनातून. आपले पान कोणत्या शब्दांच्या शोधात किती वेळा दिसले, किती वेळा उघडले गेले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होते, हे ते सांगते. फार थोड्यांनी विचारलेले शब्द गोपनीयतेसाठी त्यात दाखवले जात नाहीत. अनेकदा दिसले पण क्वचितच उघडले, असा शब्द आढळला तर दोन शक्यता तपासाव्यात. एक तर शीर्षक आणि खालच्या ओळी वाचकाला आश्वासक वाटत नाहीत, किंवा त्या शब्दाने शोधणारा आपला वाचकच नाही. अलीकडे शोधयंत्र वरच सारांशरूप उत्तर देते, त्यामुळेही पान न उघडता वाचक परततो. हे ध्यानात घ्यावे.

वेळेचा आकडाही पानाचा प्रकार पाहून वाचावा. गुगल ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत भेट १० सेकंदांहून अधिक टिकली, किंवा दोन पाने पाहिली गेली, किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली कृती घडली, तर ती भेट ‘गुंतलेली’ धरतात. दीर्घ समीक्षालेखाला १० सेकंदांत कोणी वाचत नाही. उलट मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या जालग्रंथालयात उपलब्ध आहे. तेथे शब्द पाहून आठ सेकंदांत परतलेला वाचक पूर्ण समाधानाने परतलेला असतो. कोशाला वेगळी फूटपट्टी हवी, लेखाला वेगळी.

ज्यांच्याकडे स्वतःचे संकेतस्थळ नाही अशा विद्यार्थ्यांना सराव करायचा असेल, तर विकिपीडियाची आकडेवारी खुली आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील कोणत्याही नोंदीची जुलै २०१५ पासूनची दैनिक दर्शने पाहता येतात, आणि त्यांत माणसे व स्वयंचलित कार्यक्रम वेगळे करता येतात. ‘गाणगापूर’ची नोंद घेऊन दत्तजयंतीच्या आठवड्यात आलेख कसा चालतो आणि परीक्षांच्या महिन्यांत कसा, हे पाहावे. यात्रेकरू आणि अभ्यासक यांची पावले वेगळी ओळखायला यातून शिकता येते.

जपून ठेवावयाचे आणि न ठेवावयाचे

आकडे कायम राहतील असे धरून चालू नये. गुगल ॲनालिटिक्सच्या जुन्या पद्धतीची मोजणी १ जुलै २०२३ रोजी थांबली आणि पुढच्या वर्षी तिचे जुने अहवालही बंद झाले. सर्च कन्सोल १६ महिन्यांचीच माहिती ठेवते. म्हणून दरवर्षी मुख्य आकडे आपल्या वहीत उतरवून घ्यावेत.

त्याचबरोबर वाचकाची आवश्यकतेपेक्षा जास्त माहिती साठवू नये. ग्रंथालयात कोण काय वाचतो याची चौकशी आपण करीत नाही. तीच मर्यादा येथेही पाळावी. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या मर्यादेला कायद्याचे रूपही दिले आहे. मॅटोमोसारखे साधन स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते आणि जालपत्त्याचा शेवटचा भाग पुसून नोंद घेता येते. आपल्या कामाला तेवढे पुरते.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी एकूण हिट्सऐवजी पाच गोष्टी अहवालात द्याव्यात, असे मला सुचवावेसे वाटते : यंत्रे वगळून पृष्ठदर्शने, विषयाशी संबंधित शोधशब्दांतून आलेल्या भेटी, पूर्ण लेख किंवा पुस्तक उतरवून घेतल्याची संख्या, इतर शैक्षणिक पानांनी दिलेले नवे दुवे, आणि वाचकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या व शंका. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत लहान आकड्याची असेल. पण ज्याने लेख वाचून ‘आमच्या गावात हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात’ असे कळवले, तो वाचक निःसंशय योग्य दाराने आत आलेला असतो. आपल्या बोलींच्या नोंदी अशाच वाचकांमुळे पूर्ण होत जातात, आणि त्याला दार सापडावे म्हणून पाटीवर त्याच्या ओळखीचे शब्द लिहिणे हे लेखनाचेच काम आहे.